हिवाळी टायर

हिवाळी टायर : थंड प्रदेशांतील हिवाळ्यात रस्ता अतिशीत, ओला, हिमाच्छादित अथवा बर्फाळ असताना वाहनाच्या चाकांना पुरेशी पकड मिळावी म्हणून खास रबर-मिश्रणाचा आणि खास नक्षीचा बनविलेला वातयुक्त टायर. हवेतून भुसभुशीत रूपात पडते ते हिम आणि पाणी गोठून किंवा हिम दाबले जाऊन जो घट्ट थर होतो तो बर्फ, असा भेद या नोंदीत केला आहे. कारण या दोहोंवर टायरला पकड मिळण्याची रीत वेगवेगळी आहे.

मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो टायरांच्या द्वारेच, आणि लहान मोटारीच्या एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. वेग वाढविणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रियांसाठी लागणारे सर्व बल या चार लहान क्षेत्रांतून जाते. एंजिन, ब्रेक किंवा सुरक्षेची इलेक्ट्रॉनीय साधने कितीही चांगली असली, तरी या क्षेत्रांत जेवढे घर्षण मिळेल त्यापेक्षा अधिक बल त्यांना वापरता येत नाही. लहान मोटार बाळगणाऱ्यांपैकी पुष्कळांना टायरांवर फारसा खर्च करणे परवडत नाही, त्यामुळे निवड बहुधा किंमत पाहून केली जाते. तथापि ‘हिवाळा’ या एकाच नावाखाली परस्परांहून फार भिन्न अशी हवामाने येतात. एका हवामानासाठी बनविलेला महाग टायर दुसऱ्या हवामानात सामान्य ठरू शकतो, तर हवामानाला अनुरूप असा स्वस्त टायर समाधानकारक काम देतो. म्हणून निवडीत हवामानाचा विचार आधी आणि किमतीचा नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे.

इतिहास : बर्फावर चाके घसरू नयेत म्हणून प्रारंभी टायरांवर लोखंडी साखळ्या गुंडाळीत. अमेरिकेतील जॉन सायप यांना १९२३ मध्ये रबराच्या पृष्ठभागावर बारीक चिरा पाडण्याच्या कल्पनेबद्दल एकस्व (पेटंट) मिळाले. टायरच्या नक्षीतील अशा चिरांना त्यांच्याच नावाने ओळखतात. फिनलंडमधील सुओमेन गुम्मितेहदास (नंतरची नोकिअन टायर्स) या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी पहिला खास हिवाळी टायर तयार केला आणि १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी ‘लुमी-हाक्कापेलीत्ता’ हा टायर बाजारात आणला. १९६० नंतरच्या दशकात टंगस्टन कार्बाइडाच्या टोकाचे खिळे बसविलेले टायर उत्तर यूरोप, उत्तर अमेरिका व जपान येथे प्रचारात आले. हे खिळे रस्ते झिजवितात, असे लवकरच दिसून आले. जर्मनीत (तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत) १९७५ मध्ये त्यांवर बंदी आली. जपानमध्ये झिजलेल्या रस्त्यांची धूळ शहरांच्या हवेत पसरून आरोग्याचा प्रश्न उभा राहिला आणि १९९० मध्ये त्यांच्या वापराविरुद्ध कायदा करण्यात आला. यामुळे खिळ्यांशिवाय बर्फावर पकड देणाऱ्या टायरांच्या संशोधनाला चालना मिळाली. ब्रिजस्टोन कंपनीचा सूक्ष्म छिद्रे असलेल्या रबराचा ‘ब्लिझॅक’ हा टायर १९८८ मध्ये जपानात विक्रीस आला. १९९० नंतरच्या दशकात रबर-मिश्रणात सिलिकेचा वापर वाढला, तेव्हा थंडीतील लवचिकपणा आणि ओल्या रस्त्यावरील पकड हे दोन्ही गुण एकाच मिश्रणात अधिक चांगल्या प्रकारे साधता येऊ लागले. दुसऱ्या बाजूने, बाराही महिने चालणारा टायर बनविण्याचे प्रयत्न होत होते. गुडइयर कंपनीचा ‘टिएंपो’ (१९७७) व मिशलिन कंपनीचा ‘क्रॉसक्लायमेट’ (२०१५) हे त्यांतील उल्लेखनीय टप्पे होत.

रबराचे मिश्रण : टायरची पकड पुष्कळशी रबराच्या मऊपणावर अवलंबून असते. रस्त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो व मऊ रबर त्याच्या उंचवट्यांभोवती बसते. तापमान उतरत गेले म्हणजे रबराचे दीर्घ रेणू आपली हालचाल गमावू लागतात आणि एका मर्यादेखाली ते काचेसारखे कठीण व ठिसूळ होते. या मर्यादेला काचाभ संक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबराच्या बाबतीत ते सु. -७०° से. आणि पॉलिब्युटाडाइनाच्या काही प्रकारांत -१००° से.च्याही खाली असते. टायरात वापरल्या जाणाऱ्या स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचे हे तापमान याहून बरेच वर, स्टायरिनाच्या प्रमाणानुसार बदलते असते. ब्रेक लावताना रस्त्याच्या खडबडीतपणामुळे रबराला सेकंदाला हजारो वेळा दाब सोसावे लागतात. इतक्या जलद क्रियेत रबर प्रत्यक्ष काचाभ संक्रमण तापमानाच्या पुष्कळ वर असतानाच ताठ वागू लागते. म्हणूनच उन्हाळ्यासाठी बनविलेला टायर पाणी गोठण्याच्या तापमानापूर्वीच आपली पकड गमावू लागतो. ७° से. हा आकडा या संदर्भात नेहमी सांगितला जातो. परंतु ती काटेकोर सीमा नसून व्यवहारातील ठोकताळा आहे.

हिवाळी टायराच्या मिश्रणात नैसर्गिक रबर व पॉलिब्युटाडाइन यांचे प्रमाण अधिक ठेवतात आणि काजळीच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी सिलिका वापरतात. काही उत्पादक बर्फावर चावा मिळावा म्हणून मिश्रणात अक्रोडाच्या कवचाच्या भुग्यासारखे कठीण कणही घालतात. अशा मऊ रबराची दुसरी बाजू अशी की, उन्हाळ्यातील तापलेल्या रस्त्यावर ते लवकर झिजते, वळताना मोटारीला अस्थिर करते आणि ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर वाढविते. हिवाळी टायर वर्षभर चालवून पैसे वाचविण्याचा प्रयत्न म्हणूनच दोन्ही ऋतूंत तोट्याचा ठरतो. [→ रबर].

नक्षी आणि चिरा : हिवाळी टायराच्या नक्षीतील खाचा रुंद व खोल असतात. नव्या टायरात ही खोली सर्वसाधारणपणे ८ ते ९ मिमी. असते. हिमात चालताना या खाचांत हिम दाबून भरले जाते आणि पुढे जाताना टायर या घट्ट झालेल्या हिमाला रस्त्यावरील हिमाच्या आधाराने ढकलतो. हिम हिमाला चांगले चिकटत असल्याने खाचांत हिम धरून ठेवणारी नक्षी उपयोगी पडते. नक्षीच्या ठोकळ्यांवर पाडलेल्या बारीक चिरा चाक फिरताना किंचित उघडतात. त्यामुळे अनेक लहान कडा निर्माण होऊन त्या बर्फाला ओरखडतात व बर्फावरील पाण्याचा पातळ थर शोषून घेतात. नक्षी झिजून ४ मिमी.पेक्षा कमी राहिली की, खाचांत पुरेसे हिम मावत नाही आणि टायर हिवाळी म्हणून निरुपयोगी होऊ लागतो. मग पुष्कळ देशांत टायर बाद ठरविण्याची किमान कायदेशीर खोली १·६ मिमी. असली तरी.

बर्फावरील पकड व थांबण्याचे अंतर : बर्फ किती निसरडा असेल हे त्याच्या तापमानावर अवलंबून असते. ०° से.च्या जवळ बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो व तो वंगणासारखे काम करतो; या वेळी घर्षण अगदी कमी असते. -२०° से.च्या सुमारास बर्फ कोरडा व कठीण असल्याने पकड काहीशी सुधारते. यामुळे वरवर विसंगत वाटणारी गोष्ट घडते : कडाक्याच्या थंडीतील रस्त्यापेक्षा शून्याच्या आसपास रेंगाळणाऱ्या तापमानातील रस्ता अनेकदा अधिक धोकादायक असतो.

थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात व घर्षण गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. ताशी ५० किमी. वेगाने जाणारी मोटार, घर्षण गुणांक ०·८ मानल्यास (कोरडा डांबरी रस्ता) सु. १२ मी. अंतरात थांबते. तो ०·३ मानल्यास (दाबलेले हिम व चांगला हिवाळी टायर) हे अंतर सु. ३३ मी. होते, ०·२ मानल्यास (तेच हिम, पण थंडीने ताठरलेला टायर) ४९ मी. आणि ०·१ मानल्यास (ओला बर्फ) ९८ मी. होते. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जाणारा वेळ यात धरलेला नाही. तो १ सेकंद मानल्यास प्रत्येक वेळी सु. १४ मी. आणखी मिळवावे लागतात. या गणितातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. घर्षण गुणांक ०·३ असलेली मोटार ३३ मी.वर जेथे पूर्ण थांबते, तेथून ०·२ गुणांक असलेली मोटार अद्याप ताशी सु. २९ किमी. वेगाने पुढे जात असते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने टायरांमधील फरकाचा अर्थ हा आहे. चाके जखडू न देणाऱ्या ब्रेक-प्रणालीमुळे मोटार वळविता येते, पण घर्षण वाढत नाही. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीस जागेवरून निघणे सोपे जाते, पण तिला थांबण्यासाठी इतर मोटारींइतकेच अंतर लागते. [→ घर्षण].

प्रकार : थंड हवामानात वापरल्या जाणाऱ्या टायरांचे पुढील प्रकार पडतात.

(१) साधे सर्वऋतू टायर : उत्तर अमेरिकेत नव्या मोटारींबरोबर बहुधा हेच मिळतात. कोरड्या व ओल्या रस्त्यावर ते ठीक असतात. तथापि कडक थंडीत त्यांचे रबर ताठ होते.

(२) हिवाळ्यासाठी प्रमाणित सर्वऋतू टायर : यांचे मिश्रण आधीच्या प्रकारापेक्षा मऊ असून हिमावरील चाचणीत ते उतरलेले असतात. वर्षभर बदलावे लागत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा. दीर्घकाळ टिकणाऱ्या बर्फावर मात्र ते खऱ्या हिवाळी टायराची बरोबरी करीत नाहीत.

(३) मध्य यूरोपीय हिवाळी टायर : ओला रस्ता, हिमाचा रेंदा आणि मोठा वेग यांचा विचार करून हे बनवितात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इ. देशांत हे रूढ आहेत.

(४) उत्तर यूरोपीय बिनखिळ्यांचे टायर : यांचे रबर सर्वांत मऊ व चिरा सर्वांत दाट असतात. बर्फावर यांची पकड उत्तम असते. पण उघड्या ओल्या रस्त्यावर, विशेषतः ५° से.च्या वर, ती मध्य यूरोपीय टायरांपेक्षा कमी पडते.

(५) खिळ्यांचे टायर : ओल्या, गुळगुळीत बर्फावर यांना तोड नाही. अतिशीत व खडबडीत बर्फावर त्यांचे श्रेष्ठत्व कमी होते. बर्फ नसलेल्या रस्त्यावर ते आवाज करतात, रस्ता झिजवितात व थांबण्याचे अंतर वाढवितात. स्थानिक कायद्याने परवानगी असेल तेथेच ते वापरता येतात.

खुणा : टायरच्या बाजूवर उमटविलेल्या खुणा वाचता आल्यास विक्रेत्याच्या सांगण्यावर विसंबून राहावे लागत नाही. ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे (चिखल व हिम या अर्थाची) केवळ नक्षीच्या रचनेसंबंधी आहेत. त्यांसाठी हिमावर चाचणी घ्यावी लागत नाही. तीन शिखरांचा पर्वत व त्यात हिमकण अशी आकृती १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेतील टायर-उत्पादकांच्या संघटनांनी स्वीकारली आणि पुढे ती यूरोपातही मान्य झाली. मूळच्या अमेरिकी चाचणीनुसार ही खूण असलेल्या टायरला दाबलेल्या हिमावर ठराविक संदर्भ टायरपेक्षा निदान १०% अधिक ओढ मिळणे आवश्यक असते. ही परीक्षा हिमावरची आहे, बर्फावरची नव्हे. त्यामुळे खूण एकच असूनही दोन टायर बर्फावर फार वेगळे वागू शकतात. यूरोपीय संघात मे २०२१ पासून लागू झालेल्या नव्या टायर-पट्टीवर हिमासाठी व बर्फासाठी वेगवेगळी चिन्हे आहेत. त्यांपैकी बर्फाचे चिन्ह बिनखिळ्यांच्या उत्तर यूरोपीय टायरांना ओळखण्यास उपयोगी पडते.

टायरच्या बाजूवर चार अंकांचा उत्पादनकालही असतो. पहिले दोन अंक आठवडा व नंतरचे दोन वर्ष दर्शवितात, उदा., ‘३५२३’ म्हणजे २०२३ सालातील ३५ वा आठवडा. स्वस्त म्हणून घेतलेला टायर दुकानात किती वर्षे पडून होता, हे यावरून समजते.

हवामानानुसार निवड : एकाच देशात हिवाळ्याची किती रूपे आढळतात, याचे कॅनडा हे उत्तम उदाहरण आहे. तेथील पुढील चार प्रकार जगातील बहुतेक थंड प्रदेशांना थोड्याफार फरकाने लागू पडतात.

सौम्य व पावसाळी हिवाळा : पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हँकूव्हर येथे जानेवारीचे सरासरी तापमान सु. ४° से. असते. पाऊस विपुल पडतो व हिम शहरात फार दिवस टिकत नाही. येथे ओल्या रस्त्यावरील पकड महत्त्वाची असल्याने प्रमाणित सर्वऋतू टायर लहान मोटारीसाठी पुरेसा व काटकसरीचा ठरतो. उत्तर यूरोपीय पद्धतीचा अतिमऊ टायर येथे जास्त पैसे देऊन कमी पकड विकत घेतल्यासारखा होतो. मात्र शहराबाहेर पर्वतांत वारंवार जाणाऱ्यास हिवाळी टायरच हवा. इंग्लंडचा बराचसा भाग व फ्रान्सचा पश्चिम किनारा या हवामानाशी मिळताजुळता आहे.

गोठणे-वितळणे होणारा हिवाळा : टोराँटो येथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली तीन ते पाच अंश असते. दिवसा हिम वितळते व रात्री त्याच पाण्याचा बर्फ होतो. माँट्रिऑल येथे थंडी याहून अधिक व हिमवर्षाव वर्षाला सु. २ मी. असतो. टोराँटोच्या आसपास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसह उष्ण देशांतून आलेल्या अनेकांचा हिमावर मोटार चालविण्याचा पहिला अनुभव याच पट्ट्यातला असतो. मीठ टाकून साफ केलेले काळे रस्ते पाहून साधा सर्वऋतू टायर पुरेसा आहे असे वाटते. परंतु पहाटेचे पूल, उतार व गल्लीबोळ येथे धोका टिकून असतो. येथे हिवाळी टायरांचा स्वतंत्र संच घेणेच योग्य. टोराँटोत ओल्या रस्त्यावर बरी पकड देणारा मध्यम प्रकार, तर माँट्रिऑलमध्ये बर्फावर भर देणारा प्रकार निवडावा.

अतिशीत व कोरडा हिवाळा : विनिपेग येथे जानेवारीचे सरासरी तापमान -१६° से.च्या आसपास असते आणि दाबलेले हिम महिनोन् महिने रस्त्यावर राहते. येथे उत्तर यूरोपीय पद्धतीचे मऊ टायर आवश्यक होत. रस्ता बहुतेक काळ पांढराच असल्याने त्यांचे ओल्या रस्त्यावरील उणेपण फारसे जाणवत नाही. फिनलंडचा मध्य व उत्तर भाग, उत्तर स्वीडन यांनाही हेच लागू पडते.

लहरी हिवाळा : रॉकी पर्वताच्या पूर्वेस कॅल्गारी येथे चिनूक नावाचे उष्ण, कोरडे वारे वाहतात आणि काही तासांत तापमान १५ ते २० अंशांनी वाढू शकते. सकाळी -१५° से. आणि दुपारी उघडा कोरडा रस्ता अशी स्थिती असताना खऱ्या हिवाळी टायरांपैकी किंचित टणक मिश्रणाचा टायर सोयीचा पडतो. अशा ठिकाणी सरासरी तापमान पाहून निवड करणे फसवे असते. नेहमीच्या वाटेवर पडणाऱ्या सर्वांत वाईट दिवसाचा विचार करावा लागतो.

लहान मोटारीसाठी माप : ‘१७५/६५ आर १४ ८२ टी’ या खुणेत १७५ ही मिमी.मधील रुंदी, ६५ हे उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, ‘आर’ म्हणजे त्रिज्यीय बांधणी, १४ हा रिमचा इंचांतील व्यास, ८२ हा ४७५ किग्रॅ. कमाल भाराचा निर्देशांक आणि ‘टी’ हे ताशी १९० किमी. कमाल वेगाचे चिन्ह होय. लहान मोटारीचे टायर अरुंद असतात, ही हिवाळ्यात जमेची बाजू आहे. अरुंद टायराखाली दाब अधिक असल्याने तो सैल हिम व रेंदा कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोहोचतो आणि पाण्यावर तरंगत नाही. शिवाय लहान मापाचे टायर स्वस्तही असतात. म्हणून मोटारीच्या उत्पादकाने मान्यता दिलेल्या मापांपैकी सर्वांत लहान रिमचे माप हिवाळ्यासाठी घ्यावे. उदा., ‘१८५/५५ आर १६’ ऐवजी ‘१७५/६५ आर १५’ घेतल्यास चाकाच्या बाह्य व्यासात फक्त ०·२% फरक पडतो व वेगमापकाची नोंद बिघडत नाही. मात्र लहान रिम ब्रेकच्या भागांना घासत नाही ना आणि भार-निर्देशांक पुरेसा आहे ना, याची खात्री करून घ्यावी लागते.

टायर नेहमी चारही बदलावेत. लहान मोटारींत बहुधा पुढील चाकांना शक्ती दिलेली असते. तेव्हा पैसे वाचविण्यासाठी पुढचे दोनच हिवाळी टायर बसविण्याचा मोह होतो. अशा मोटारीची पुढची चाके पकडतात व मागची घसरतात. परिणामी वळणावर किंवा ब्रेक लावताना मोटार गर्रकन फिरते. ही काटकसर हिवाळी टायर मुळीच न बसविण्यापेक्षाही घातक ठरू शकते.

खर्चाचा हिशेब : हिवाळी संच हा दुप्पट खर्च वाटतो, पण एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही. समजा, मोटार वर्षाला १५,००० किमी. चालते, पैकी ९,००० किमी. उन्हाळी व ६,००० किमी. हिवाळी टायरांवर. उन्हाळी संचाचे आयुष्य ६०,००० किमी. आणि हिवाळी संचाचे (४ मिमी. नक्षी उरेपर्यंतचे) ३०,००० किमी. मानले, तर एकाच संचावर वर्षभर चालविताना दहा वर्षांत अडीच संच लागतील. दोन संच आळीपाळीने वापरल्यास दहा वर्षांत दीड उन्हाळी व दोन हिवाळी मिळून साडेतीन संच लागतील. म्हणजे दहा वर्षांतील खरी वाढ एका संचाची होय. तीत साध्या पोलादी रिमांचा व वर्षातून दोनदा चाके बदलण्याचा खर्च मिळवावा लागतो. रिम स्वतंत्र घेतल्यास दर वेळी टायर रिमवरून उतरवून चढविण्याचा खर्च वाचतो आणि टायरच्या कडाही दुखावत नाहीत.

मोठ्या उत्पादकांचे दुय्यम नावांचे टायर हा स्वस्ताईचा विश्वसनीय मार्ग आहे. उदा., नोकिअनचा ‘नॉर्डमन’, काँटिनेंटलचे ‘बारूम’ व ‘सेम्पेरिट’, मिशलिनचा ‘क्लेबेर’. यांत बहुधा मुख्य नावाखाली पूर्वी विकलेली व कसोटीस उतरलेली नक्षी किंवा तंत्र वापरलेले असते. अपरिचित नावाचा अतिस्वस्त टायर हिमावर बरा असूनही ओल्या रस्त्यावर कमकुवत निघू शकतो. म्हणून वाहनविषयक संघटनांनी व नियतकालिकांनी घेतलेल्या तुलनात्मक चाचण्यांतील ओल्या रस्त्यावरचे निष्कर्षही पाहावेत. वापरलेले टायर घेताना नक्षी निदान ६ मिमी. खोल, वय सहा वर्षांच्या आत, झीज सर्वत्र सारखी आणि बाजूवर फुगवटा वा भेगा नाहीत, हे पाहावे. रबर कालांतराने कठीण होत असल्याने भरपूर नक्षी असलेला पण जुना टायर फसवा असतो. ज्याला हिवाळ्यात केवळ मोजके दिवस मोटार काढावी लागते, त्याने हिम पडेल त्या दिवशी सार्वजनिक वाहनाने जाणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

कायदे : क्वीबेक प्रांतात २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. २०१९ पासून ही सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात असते आणि टायरवर पर्वत-हिमकणाची खूण असावी लागते किंवा टायर खिळ्यांचे असावे लागतात. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पर्वतीय महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून निदान ३·५ मिमी. नक्षीचे टायर लागतात व तेथे ‘एम’ आणि ‘एस’ ही खूणही चालते. आँटॅरिओ प्रांतात सक्ती नाही; मात्र हिवाळी टायर बसविणाऱ्यास विमाहप्त्यात सूट देणे विमा कंपन्यांना २०१६ पासून बंधनकारक झाले. तेथे खिळ्यांचे टायर फक्त उत्तर भागातील रहिवाशांना वापरता येतात. जर्मनीत ठराविक तारखा नसून रस्त्याची स्थिती हिवाळी असेल तेव्हा योग्य टायर आवश्यक असतात. केवळ ‘एम’ व ‘एस’ खूण असलेल्या टायरांची तेथील मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात, रस्ता हिवाळी स्थितीत असताना, त्रिज्यीय टायरांची नक्षी निदान ४ मिमी. असावी लागते. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर २०२१ पासून हिवाळी टायर वा साखळ्यांविषयीचा नियम लागू आहे. कायद्यातील किमान अट व सुरक्षित स्थिती या एकच नव्हेत, हे यांतील नक्षीच्या निरनिराळ्या आकड्यांवरून दिसून येते.

वापर व निगा : दिवसाचे तापमान सातत्याने ७° से.च्या खाली येऊ लागले की, पहिल्या हिमवर्षावाची वाट न पाहता टायर बदलावेत. दर १०° से. उतारामागे टायरातील हवेचा दाब सु. ०·१ बारने कमी होतो. त्यामुळे तो महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावा. पकड वाढेल या समजुतीने हवा मुद्दाम कमी ठेवणे चुकीचे आहे. खिळ्यांचे नवे टायर पहिले काही शे किमी. हळू चालवून खिळे रबरात बसू द्यावे लागतात. वापरात नसलेला संच स्वच्छ व कोरडा करून थंड, अंधाऱ्या जागी आणि विजेच्या मोटरींपासून दूर ठेवतात, कारण ऊन व ओझोन वायू यांमुळे रबराला भेगा पडतात. कोणते चाक कोणत्या जागी होते हे खडूने लिहून ठेवल्यास पुढील वर्षी जागांची अदलाबदल करून झीज सारखी राखता येते.

भारत : भारतात हिवाळी टायरांची गरज जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम व अरुणाचल प्रदेश येथील उंच भागांपुरती मर्यादित आहे. तेथे पूर्वापार चालत आलेला उपाय साखळ्यांचा आहे. रोहतांगखालील ९·०२ किमी. लांबीचा अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलकडे हिवाळ्यातही मोटारी जाऊ लागल्या आहेत. मैदानी भागांतून येणाऱ्या या मोटारींचे टायर उष्ण हवामानासाठी बनविलेले असल्याने बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी त्या घसरण्याचा धोका असतो. भारतीय कारखानदारीचा या टायरांशी असलेला संबंध मुख्यतः निर्यातीचा आहे : अपोलो टायर्सने २००९ मध्ये नेदरलँड्समधील व्हरेडेस्टाइन ही हिवाळी व सर्वऋतू टायर बनविणारी कंपनी विकत घेतली आणि मुंबईत मुख्यालय असलेली सीएट कंपनी यूरोपीय बाजारपेठेसाठी हिवाळी टायर पुरविते. महाराष्ट्रातील हवामानात असे टायर वापरण्याचे कारण नाही. येथील उन्हात त्यांचे मऊ रबर लवकर झिजेल व पकडही घटेल. [→ टायर; मोटारगाडी].